माल्बेक, ज्वारीची भाकरी आणि आपल्या जालन्याची द्राक्षं

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचून मगच कमेंट करा ही विनंती.)

द्राक्षाच्या गाड्या भरायला लागल्या आणि व्यापाऱ्यांनी भाव पाडला की दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "यापेक्षा जिल्ह्यात वाइनचा कारखाना टाका, शेतकऱ्याचं भलं होईल." लगेच दुसरा उसळतो, "गावोगाव दारू पाजून शेतकऱ्याचं भलं करणार का?" मग दोन दिवस व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसता धुरळा. तिसऱ्या दिवशी सगळं शांत, आणि बागायतदार पुन्हा व्यापाऱ्याच्या फोनची वाट बघत बसलेला.

या भांडणात मला एक गोष्ट नेहमी खटकते. वाइन कशी लागते, कशासोबत पितात, ती कोणत्या द्राक्षाची होते, यावर कुणी बोलतच नाही. शेतकऱ्याच्या नावाने वाद चालतो आणि त्यात द्राक्षच नसतं. म्हणून आज जरा उलट्या बाजूने सुरुवात करतो. चवीपासून.

आधी थोडी उजळणी. २७ जानेवारी २०२२ ला त्या वेळच्या राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की १००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळं कपाट ठेवून वाइन विकता येईल. कारण सांगितलं शेतकऱ्याचं. विरोधी पक्षाने 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय का' असा सवाल केला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सत्तेतले काही नेते 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं म्हणाले. सरकार बदललं आणि तो निर्णय कागदावरच राहिला. पण त्या निर्णयाने आपल्या कडवंचीच्या, नंदापूरच्या, धारकल्याणच्या बागायतदाराला एक रुपया तरी मिळाला असता का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर मला एका परदेशी बाटलीने दिलं.

माझा भाचा नोकरीनिमित्त परदेशात असतो. मागच्या फेब्रुवारीत आला तेव्हा विमानतळावरून अर्जेंटिनाची एक बाटली घेऊन आला. नाव माल्बेक. हे कंपनीचं नाव नाही, द्राक्षाच्या जातीचं नाव आहे. आपण जसं थॉमसन, सोनाका, माणिक चमन म्हणतो तसं. मी रोजचा पिणारा माणूस नाही, आणि आमच्या घरात आई माळकरी. त्यामुळे बाटली घरात उघडायचा प्रश्नच नव्हता. आखाड्यावर गेलो. सोबत शेजारचे बागायतदार, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. गाडी कुणीच चालवायची नाही, रात्री तिथेच मुक्काम, हे आधीच ठरलं होतं.

बाटली उघडण्याआधी भाच्याने मोबाइलवर मेंडोझाचा नकाशा दाखवला. अर्जेंटिनाच्या पश्चिमेला अँडीज पर्वताच्या पायथ्याशी हा प्रांत आहे. माल्बेकचं घर म्हणतात ते हेच. मला वाटलं होतं, हिरवंगार असेल. पण तिथे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम २०० मिलिमीटर. आपल्या दुष्काळी म्हणवणाऱ्या जालन्यात सरासरी त्याच्या तिप्पट पडतो! मग बागा कशावर? डोंगरावरचा बर्फ वितळून येणारं पाणी कालव्यांनी फिरवतात. हे कालवे खोदायला तिथल्या वार्पे आदिवासींनी स्पॅनिश लोक येण्याच्याही आधी सुरुवात केली होती. १८८४ साली तिथे पाण्याचा कायदा झाला. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला, आणि कालव्यावरचे शेतकरी आपला पाणी-निरीक्षक स्वतः निवडतात.

तात्या म्हणाले, "म्हणजे तिकडं पण आधी पाणी बांधलं, मग बाग लावली."

बरोबर बोलले. आपल्या कडवंचीचं वेगळं काय आहे? नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे बांधबंदिस्ती झाली. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांच्यासारखी माणसं त्यामागे उभी राहिली. आधी माथ्यावर पाणी अडलं, मग विहिरींना आलं, मग शेकडो शेततळी झाली आणि त्यानंतर द्राक्ष आलं. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांची सरपणं झाली. त्या वर्षी ज्यांच्याकडे साठवलेलं पाणी होतं त्यांच्याच बागा तगल्या. हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आणखी एक साम्य. मेंडोझात द्राक्षाची काढणी फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे अगदी आपल्याच वेळेला. तिथे १९३६ पासून काढणीचा मोठा उत्सव भरतो, मार्चच्या सुरुवातीला. आणि त्यांचा शत्रूही आपलाच. गारपीट! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा ११ फेब्रुवारी २०१८ ला आपल्या जिल्ह्यात काय झालं ते विसरलेला बागायतदार सापडणार नाही. मेंडोझात कित्येक बागांवर गारा अडवणाऱ्या जाळ्या दिसतात. आपल्याकडे प्लास्टिक आच्छादन आणि जाळीच्या अनुदानाची मागणी किती वर्षं चाललीय, ते तुम्हीच मोजा.

असो. आता बाटलीकडे येतो.

लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यायची असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्या पत्र्याच्या खोलीतलं तापमान नव्हे. गरम झालेली वाइन नुसती दारूसारखी नाकात जाते. आखाड्यावर फ्रिज नाही, म्हणून बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून तासभर माठाखालच्या वाळूत ठेवली. छान गार झाली. घरी असाल तर फ्रिजमध्ये अर्धा तास पुरे. उघडल्यावरही लगेच ओतायची घाई करायची नाही. वीस-पंचवीस मिनिटं हवा लागू द्यायची, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो.

भाचा म्हणाला, "मामा, रसासारखं गटागटा पिऊ नका. आधी बघा, मग हुंगा, मग घोट घ्या." पांढऱ्या कागदासमोर ग्लास तिरपा धरला तर रंग गडद, जवळजवळ शाईसारखा, आणि कडेला जांभळी झाक. पुस्तकात या वासाचं वर्णन युरोपातल्या फळांच्या नावाने करतात. ती फळं आपण खाल्लेली नसतात, म्हणून आपल्याला काहीच कळत नाही. तात्यांनी नाक घातलं आणि एका शब्दात सांगितलं, "जांभूळ."

पिकलेलं जांभूळ, त्यामागे काळी मनुका, थोडी मिरी, आणि लाकडाच्या पिंपात ठेवल्यामुळे येणारा भाजलेल्या सुपारीसारखा वास. मला तरी असं वाटलं. तुमच्या नाकाला दुसरं काही आलं तर तेही बरोबर. यात परीक्षा नसते.

घोट घेतल्यावर पहिल्यांदा फळाचा गोडवा जाणवतो. साखर मात्र जवळपास नसते, ती सगळी आंबवताना संपलेली असते. मग आंबटपणा, आणि शेवटी जीभ धरते. जांभळं जास्त खाल्ली की होते तशी. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. तो येतो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून. काळ्या द्राक्षाचाही रस पांढराच असतो. सालीसकट आंबवला तरच रंग उतरतो आणि त्याबरोबर हा तुरटपणाही. माल्बेकचे मणी लहान, साल गडद, बी आहे. त्यामुळे वाइन जोरकस होते.

"नुसती काही खास नाही," तात्यांचा पहिला निकाल. आणि तो योग्यच होता, कारण ही नुसती प्यायची चीजच नाही. तिकडे ती 'असादो'सोबत पितात. असादो म्हणजे निखाऱ्यावर तास-तास मंद भाजलेलं मांस, त्यावर मीठ, आणि वाटल्यास बाजूला लसूण, पार्सली, व्हिनेगरची चटणी. मसाला जवळजवळ नाही.

आम्ही आपल्या पद्धतीने करून पाहिलं. जे कळलं ते सांगतो. ज्यांच्या घरी चालत असेल त्यांना उपयोगी पडेल.

पहिलं मटण. बोकडाच्या मटणाचे थोडे तुकडे फक्त हळद, मीठ, लसूण लावून निखाऱ्यावर भाजले. बाकीचं चुलीवर सुकं केलं, काळा मसाला नेहमीइतका पण तिखट निम्मं. भाजलेला तुकडा चावून घोट घेतला आणि मघाची जीभ धरणारी वाइन एकदम मऊ लागली. कारण सरळ आहे. तुरटपणा म्हणजे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतं. तोंडात मांसाची प्रथिनं आणि चरबी आली की ते तिकडे गुंततं. मीठही तुरटपणा कमी करतं. उलट वाइनच्या आंबटपणाने मटणाचा तुपकटपणा धुऊन निघतो. पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. सुक्या मटणाशीही जमलं, कारण काळ्या मसाल्यातलं भाजलेलं खोबरं आणि दगडफूल वाइनमधल्या त्या भाजक्या वासाशी जुळतं.

दुसरा ठेचा. हा प्रयोग मुद्दाम केला, कारण आपलं जेवण ठेच्याशिवाय होत नाही. पार फसला. तिखटाने जळणाऱ्या जिभेवर १४ टक्के अल्कोहोलची वाइन म्हणजे आगीत तेल. तुरटपणा कडू झाला आणि फळाची चव गायब. झणझणीत रस्सा असेल तर ही बाटली उघडूच नका. त्यासोबत ताकच बरं.

तिसरं वांग्याचं भरीत. यानेच सगळ्यात जास्त चकित केलं. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, त्याचा धुरकट वास, वरून कच्चं तेल, शेंगदाण्याचा कूट, मिरची अगदी थोडी. सोबत ज्वारीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. मांस न खाणाऱ्याने माल्बेकसोबत काय खायचं, याचं उत्तर आपल्या खान्देश-मराठवाड्याच्या ताटात आधीपासूनच आहे. वांग्याला धूर आहे, कुटाला तेल आहे, भाकरीला स्वतःची किंचित गोडसर चव आहे. तिन्ही मिळून वाइनला सांभाळून घेतात. तसाच हुरडा. आगटीतून काढलेला गरम हुरडा आणि तिळाची चटणी, लसणाची तिखट चटणी बाजूला ठेवून. शेजारच्या रानात हुरडा शेवटचा राहिला होता, तो चालून गेला.

चौथं गोड. तात्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. गोडाने ही वाइन आंबट आणि कडवट लागते. पुरणपोळी, जिलबी, बासुंदी यांच्याजवळ हिला नेऊ नका. दही, चिंच, लिंबू फार असेल तर तीही पाणचट वाटते. आणि मासळीसोबत टॅनिनची वाइन बऱ्याचदा लोखंडासारखी लागते, हे भाच्याने सांगितलं. जालन्यात बसून ते तपासायला आमच्याकडे ताजी मासळी नव्हती.

जेवण आटोपल्यावर तात्यांनी खरा प्रश्न विचारला. "हे आपल्या थॉमसनचं होईल का रं?"

भाचा म्हणाला, "नाही होणार तात्या."

इथेच माझ्या पोस्टचा मुद्दा आहे. आपली द्राक्षं खाण्याची आहेत. साल पातळ, बी नाही, मणी लांब आणि रसाळ. ग्राहकाला तेच हवं असतं, म्हणून आपण तेच पिकवतो. पण साल पातळ आणि बी नाही म्हणजे टॅनिन नाही, रंग नाही. वाइनसाठी जाती वेगळ्या लागतात. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां या जाती नाशिककडे लागल्या. सुलाची 'सातोरी' नावाची मर्लो-माल्बेक वाइन आली, म्हणजे आपल्या राज्यात माल्बेकही नवं राहिलेलं नाही. अकलूजकडे फ्रातेल्लीने इटलीची सांजोवेझे लावली. पण राज्यातल्या एकूण द्राक्षांपैकी फार थोडी वाइनला जातात. बाकी सगळी खायला, निर्यातीला आणि बेदाण्याला. म्हणजे सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवली काय आणि नाही ठेवली काय, कडवंचीच्या थॉमसनचा भाव त्याने थेट हलत नाही. 'शेतकऱ्यासाठी' म्हणताना कोणता शेतकरी, हे सांगायला नको का?

मग वाइनची जात लावायची का? लावता येईल. पण आधी गणित बघा. खाण्याच्या द्राक्षाचं एकरी १०-१२ टन घेतो आपण. चांगल्या वाइनसाठी घड कमी ठेवावे लागतात. एकरी ४-५ टनांवर गेलं की चव पातळ होते म्हणतात. म्हणजे दर दुपटीहून जास्त हवा. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं, ही द्राक्षं बाजार समितीत विकत नाहीत. बारीक मणी, भरपूर बी. कोण खाणार? वाइनरीने माल उचलला नाही तर तो बांधावर टाकावा लागतो. थॉमसनचा भाव पडला तर निदान बेदाणा करता येतो.

हे नुसतं भीतीपोटी लिहीत नाही. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, वाइनरी भराभर उभ्या राहिल्या. मग २००८-०९ ची मंदी आली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि नाशिक जिल्ह्यात कित्येकांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. माझ्या एका नातेवाइकाची त्यात दोन एकर बाग होती. कंपनीचं नाव घेत नाही. करार होता, पण पैसे यायला इतकी वर्षं लागली की मधल्या काळात त्याने सोनं गहाण ठेवून पीककर्ज फेडलं. आज त्याच्यासमोर वाइनचं नाव काढलं तर तो विषय बदलतो.

अर्जेंटिनानेही हे भोगलंय. माल्बेक मुळात फ्रान्सच्या काओरकडचं. १८५३ च्या सुमारास ते मेंडोझाला आलं. फ्रान्समध्ये १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत बोर्दोकडचं बरंचसं मेलं. अर्जेंटिनात वाढलं, पण लोक स्वस्त वाइन पाण्यासारखी पीत होते आणि दर्जाला किंमत नव्हती. मग खप घटला आणि ऐंशीच्या दशकात तिथेही हजारो हेक्टर माल्बेक उपटलं गेलं. नव्वदच्या दशकात काहींनी १४००-१५०० मीटर उंचीवर, थंड रात्रींच्या जागी, कमी उत्पादन घेऊन पुन्हा लागवड केली. पीक तेच, पण आता दर्जाला दाम मिळाला. उपटून टाकलेल्या जातीचं नाव जगभर व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागली. आपल्याकडे 'कारखाना टाका' म्हणणारे एका निवडणुकीपुरता विचार करतात.

आता दुसऱ्या बाजूचं बोलतो, नाहीतर मी वाइनची जाहिरात करतोय असं वाटेल.

'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे धादांत चूक आहे. हिशोब करा. ७५० मिलीची १४ टक्क्यांची बाटली म्हणजे १०५ मिली शुद्ध अल्कोहोल. १८० मिलीची ४२.८ टक्क्यांची क्वार्टर म्हणजे ७७ मिली. म्हणजे एकट्याने अख्खी बाटली संपवणारा क्वार्टरपेक्षा जास्त पितो. आम्ही तिघांत एक बाटली, तीही पोटभर जेवणासोबत तीन तासांत संपवली, तरी रात्री गाडीला हात लावला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. 'हृदयाला चांगली' वगैरे ऐकून कुणी सुरू करू नये. आपल्या राज्यात वाइनसाठीही वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि कायद्याने परवानाही लागतो, हेही माहीत असू द्या.

घरी आल्यावर बायकोला जांभळाचा वास, भरताची जोडी, सगळं उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं ठीक आहे हो. तुम्ही तिघं होता, जेवण होतं, झोपायला जागा होती. आमच्या माहेरी बाटली आडवी करायला बायका रांगेत उभ्या होत्या. त्यांना हा वास सांगा बरं." तिच्या माहेरच्या गावात दुकान बंद करण्यासाठी महिलांचं मतदान झालं होतं. त्या रांगेतल्या बाईच्या घरी दारू जेवणासोबत येत नव्हती, जेवणाच्या पैशातून येत होती. हे विसरून वाइनधोरणावर बोलणारा माणूस मला प्रामाणिक वाटत नाही.

पण म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र बोलता येत नाहीत असं नाही. अर्जेंटिनाने २०१३ मध्ये कायदा करून वाइनला राष्ट्रीय पेय जाहीर केलं. त्याच अर्जेंटिनाने २०२३ मध्ये देशभर कायदा केला, की गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल शून्य पाहिजे. एक घोटही नाही! द्राक्ष उत्पादकाचा मान ठेवला आणि रस्त्यावरच्या माणसाचा जीवही. आपल्याकडे मात्र एकतर 'मद्यराष्ट्र' नाहीतर 'शेतकरीहित', मधलं काही बोलायचंच नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. उद्या कुणी नेता जालन्यात वाइन प्रकल्पाची घोषणा करायला आला तर टाळ्या वाजवण्याआधी किंवा काळे झेंडे दाखवण्याआधी त्याला हे विचारा.

१) कोणती जात लावायची, आणि आपल्या जमिनीत, आपल्या उन्हात ती चालते का, याची चाचणी खरपुडीसारख्या केंद्रात किती वर्षं घेतली? दोन वर्षांच्या बागेवरून वाइन कळत नाही.

२) माल उचलला नाही तर पैसे कोण देणार? वाइनवर २० टक्के व्हॅट आहे आणि त्यातले १६ टक्के राज्य सरकार प्रोत्साहन म्हणून वाइनरीला परत देण्याची योजना आहे. हा पैसा जनतेचा आहे. शेतकऱ्याचं पेमेंट वेळेत झाल्याचा दाखला दिल्याशिवाय तो परतावा मिळू नये, अशी अट घाला. एवढी एक अट माझ्या नातेवाइकाचं सोनं वाचवू शकली असती.

३) बाहेरच्या वाइनशी टिकणार का? परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाच्या पाच डॉलरच्या वरच्या बाटलीला ते कमी झालंय आणि दरवर्षी कमी होत जाणार आहे. पुढच्या करारांत आणखी देश येतील. त्या स्पर्धेचा फटका शेवटी द्राक्षाच्या दराला बसतो.

४) आणि प्रकल्प येवो न येवो, गारपिटीसाठी जाळी, आच्छादन, शीतगृह आणि बेदाण्याचं शेड यांचं काय? हे आज असलेल्या थॉमसनवाल्याला लागतं. वाइनची चर्चा यावर पांघरूण घालायला वापरू देऊ नका.

मला वैयक्तिक विचाराल तर माल्बेक आवडली. वर्षातून एखाद्या वेळी, भरीत-भाकरी किंवा भाजलेल्या मटणासोबत, एक ग्लास. त्याहून जास्त आवडलं ते त्या बाटलीमागचं शंभर-दीडशे वर्षांचं पाण्याचं नियोजन. ते आपल्या कडवंचीने पंचवीस-तीस वर्षांत करून दाखवलंय, तेही कुठल्याही वाइनशिवाय.

तात्यांनी या वर्षीही थॉमसनच ठेवलंय. त्यांचं म्हणणं, "ज्याला गिऱ्हाईक दारात येतं तेच पीक आपलं." तुमच्या भागात कुणी वाइनची द्राक्षं लावली होती का? करार कसा होता, पैसे वेळेवर मिळाले का? अनुभव कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त काय झालं ते लिहा. पुढच्या हंगामात कुणी घोषणा करायला आला तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काहीतरी हवं.